उजव्या सीटवरच्या वाघमारे मॅडम

आमच्या ऑफिसच्या टेबलावर एक पितळी घंटा होती. वरून तळवा मारला की टणकन वाजायची आणि शिपाई यायचा, म्हणजे यायला हवा होता. ती घंटा मी आता कपाटात, जुन्या पावतीपुस्तकांच्या मागे ठेवून दिली आहे. नवीन शिपाई विचारतो, "सावंतसाहेब, हाका कशाला मारता, घंटा होती ना?" मी सांगतो, बिघडली. पितळी घंटेत बिघडण्यासारखं काय असतं, हे विचारण्याइतका तो हुशार नाही, हे माझं नशीब.

अंधेरीला मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका गाळ्याच्या वर आमचा क्लास आहे. पायलट व्हायला निघालेल्या मुलामुलींना विमानात बसायच्या आधी कागदावरचे पेपर द्यावे लागतात. हवामान, दिशा, नियम वगैरे. त्यांची तयारी इथे करून घेतात. क्लास कोठारे सरांचा. मी फक्त ऑफिस बघतो. फॉर्म, हजेरी, झेरॉक्स आणि पोरांच्या आईबापांचे फोन. मी स्वतः आयुष्यात एकदाच विमानात बसलो, तेही जावयाने बसवलं म्हणून, आणि उतरेपर्यंत डोळे मिटून होतो. अशा माणसाने एका पायलट बाईबद्दल लिहावं, हेच मुळात विचित्र आहे. पण त्या बाईंच्या बाबतीत जे झालं त्यात माझा हात होता, आणि ते दुसरं कोणी लिहिणार नाही.

संघमित्रा वाघमारे शिकवायच्या नोकरीसाठी पहिल्यांदा आल्या तेव्हा सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. हे मला पक्कं आठवतं, कारण त्यांच्या मनगटावरच्या घड्याळात पावणेसहा वाजले होते. माझ्या टेबलासमोर तीन खुर्च्या होत्या. डावीकडच्या दोन्ही रिकाम्या असताना त्या वळसा घालून उजवीकडच्या खुर्चीत बसल्या. मी म्हटलं, "मॅडम, घड्याळ बंद पडलंय तुमचं."

"चालू आहे," त्या म्हणाल्या. "साडेपाच तास मिळवा."

मग त्यांनी समजावून सांगितलं. विमानवाल्यांचं जगभर एकच घड्याळ असतं. विमान कुठल्याही देशात असो, वेळ त्या एकाच घड्याळाची लिहायची. ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मी त्यांचा फॉर्म वाचत होतो, त्यात शेवटची नोकरी तीन वर्षांपूर्वी सुटल्याचं दिसत होतं. आमच्याकडे तोंडाला लगाम नाही, म्हणून मी विचारलं, "पण तुम्ही आता उडवत नाही ना?"

"सध्या नाही."

हे 'सध्या' तेव्हाच तीन वर्षांचं झालं होतं. पुढे माझ्यासमोर ते आणखी पाच वर्षांनी वाढलं.

त्यांची हकीकत मला तुकड्या-तुकड्याने कळली. एक छोटी विमान कंपनी होती, दोन पंख्यांची विमानं लहान गावांना नेणारी. मॅडम त्यात दुसऱ्या पायलट. कॅप्टन डाव्या सीटवर बसतो, दुसरा पायलट उजव्या. एके संध्याकाळी कंपनी बंद पडली. बाकीचे पंधरा दिवसांत इकडेतिकडे चिकटले. मॅडमना सातवा महिना होता. मुलगी वर्षाची झाल्यावर त्या बाहेर पडल्या तेव्हा प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच, शेवटचं उड्डाण कधी केलंत? या धंद्यात ताजा अनुभव लागतो. नोकरी नाही म्हणून उड्डाण नाही, आणि उड्डाण नाही म्हणून नोकरी नाही. दर वर्षी त्याच प्रश्नाचं उत्तर आणखी शिळं होत गेलं.

त्यांना कॅप्टन म्हटलेलं चालायचं नाही. कोठारे सरांनी क्लासचं माहितीपत्रक छापलं, त्यात मॅडमचा जुना गणवेशातला फोटो आणि खाली 'कॅप्टन वाघमारे यांचे मार्गदर्शन'. दोनशे प्रती छापून आल्या. मॅडमनी दुपारभर बसून काळ्या मार्करने दोनशेच्या दोनशे प्रतींवरचा 'कॅप्टन' खोडला. कोठारे सर लालबुंद झाले. "अहो मॅडम, कोण विचारतंय? लोकांना बरं वाटतं!"

"मी डाव्या सीटवर कधी बसले नाही, सर. जे झालं नाही ते छापू नका. झालं की मीच सांगेन."

हे 'झालं की' त्या इतक्या सहज म्हणाल्या की सरांनी त्या प्रती तशाच वाटायला काढल्या. रिक्षात त्या उजवीकडे, कॅन्टीनच्या बाकावर उजवीकडे, माझ्या नातीच्या बारशाला आल्या तेव्हा पंगतीतसुद्धा उजव्या टोकाला. मी चिडवायचो, "मॅडम, स्मशानातपण उजवी बाजू बुक करून ठेवा." त्या हसायच्या आणि म्हणायच्या, "तिथे डावी चालेल, काका. तोवर प्रमोशन झालं असेल."

दुसरी एक खोड म्हणजे ऐकलेलं परत म्हणून दाखवणं. विमानतळाच्या टॉवरमधला माणूस जे सांगतो ते पायलटने जसंच्या तसं परत म्हणायचं असतं, म्हणजे चूक तिथल्या तिथे पकडली जाते. मॅडमनी तो नियम आमच्या कॅन्टीनवाल्या अण्णांना लावला. फोनवर सांगायच्या, "दोन कटिंग, एक बिनसाखरेचा, एक बनमस्का. आता तुम्ही म्हणा." अण्णा पहिल्या दिवशी भडकले. "मॅडम, मैं क्या बहरा हूँ?"

"नाही हो अण्णा. पण तुम्ही ऐकलंत हे मला कसं कळणार?"

महिन्याभरात आख्ख्या मजल्यावर एकट्या आमच्याकडे चहा बरोबर यायला लागला. मलाही ती सवय लागली. घरी बायको म्हणाली, येताना कोथिंबीर आणि अर्धा लिटर दूध. मी म्हटलं, "कोथिंबीर आणि अर्धा लिटर दूध." ती चिडली, "माजाच माका ऐकवतास काय?"

पण मॅडमचं खरं घर म्हणजे आमची मागची खोली. तिथे जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे आणि मोडके पंखे ठेवलेले असतात. एक दिवस दुपारी मी गठ्ठा काढायला गेलो तर मॅडम प्लास्टिकच्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसलेल्या आणि दोन्ही हात हवेत फिरवत होत्या. मला वाटलं, बाई भिंतीची दृष्ट काढतेय. जवळ जाऊन पाहिलं तर भिंतीवर त्यांच्या जुन्या विमानातल्या पायलटच्या समोरच्या भागाचं मोठं चित्र चिकटवलेलं होतं, खऱ्याच्या मापाचं. घड्याळं, बटणं, दांडे सगळं कागदावर. डोक्यावरचा भाग माळ्याच्या फळीला खालून लावलेला. कंपनी बंद पडली त्या दिवशी त्यांनी ट्रेनिंगच्या खोलीतून हे कागद गुंडाळून आणले होते. बाकीचे लोक पगार कधी मिळणार ते विचारत होते.

"असं सगळे पायलट करतात," त्या जराशा ओशाळून म्हणाल्या. "हात विसरू नये म्हणून."

मग त्यांनी मलाच शेजारच्या खुर्चीत बसवलं. माझ्या हातात प्लास्टिकमध्ये घातलेली यादी दिली. मी एकेक ओळ वाचायची, त्यांनी त्या त्या जागी हात नेऊन उत्तर द्यायचं. माझं इंग्रजी महापालिकेच्या शाळेतलं. मी जे काय वाचायचो ते त्या विमानाला कळलं असतं का, देव जाणे. मॅडमना यादी अक्षर न् अक्षर पाठ होती. मी एकदा विचारलं, "मग मला कशाला कामाला लावता?"

"पाठ असली तरी वाचायची, काका. आठवणीवर विमान चालत नाही."

मात्र एक गोष्ट पाठच हवी. आग. इंजिनाला आग लागली तर कागद शोधत बसायला वेळ नसतो. घंटा वाजते, लाल दिवा लागतो, आणि हात आपोआप गेला पाहिजे. एक दांडा मागे, दुसरा बंद, आणि मग आगीचा दांडा ओढायचा. त्यांच्या विमानात तो डोक्यावर होता. म्हणजे शेवटी हात वर, छताकडे.

"घंटा कुठून आणणार?" मी म्हटलं. आणि मीच उठून माझ्या टेबलावरची घंटा घेऊन आलो.

त्या दिवसापासून ते माझं काम झालं. दीड ते दोन जेवणाची सुट्टी. दहा मिनिटांत डबा संपवायचा आणि मागच्या खोलीत. यादी वाचता वाचता मध्येच, मनाला येईल तेव्हा, मी घंटेवर तळवा मारायचो. टण्ण. मॅडमचे हात मागे, खाली, वर. मी मोबाइलवर सेकंद मोजायचो. खोटं कशाला बोलू, मला मजा यायची. आयुष्यभर फॉर्मवर शिक्के मारलेल्या माणसाला कोणीतरी विमानाची आग विझवायला बसवलं होतं. मग मी फसवायला लागलो. त्या पाणी पीत असताना, बाटलीचं झाकण लावताना, मुलीच्या शाळेचा मेसेज वाचताना, टण्ण. हात वर. एकदा कोठारे सरांनी शिपायाला बोलवायला घंटा मारली आणि बाजूने जाणाऱ्या मॅडमचा हात फायलींसकट छताकडे गेला. सगळ्या फायली सरांच्या डोक्यावर. आख्खं ऑफिस पोट धरून हसलं. मॅडमसुद्धा हसल्या. मी त्यांना म्हटलं, "झकास, मॅडम! झोपेतपण चुकणार नाही तुम्ही."

पाच वर्षं आम्ही हे केलं. रविवार आणि सुट्ट्या सोडल्या तर रोज.

त्यांचे वडील कांदिवलीला राहायचे, मॅडमच्याच घरी. मूळचे परभणीकडचे, महापालिकेत रस्त्याच्या कामावर होते, आता निवृत्त. पोरगी सरकारी शिष्यवृत्तीवर विमान चालवायला शिकली त्याचं त्यांना इतकं अप्रूप होतं की बोलताना आवाज खाली यायचा, वर जायचा नाही. एकदा ऑफिसात आले, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा घेऊन. मला म्हणाले, "लेक हाय माझी. पायलट हाय. सध्या सुट्टीवर हाय, म्हनून हितं शिकवती."

मी मॅडमकडे पाहिलं. त्या वहीत काहीतरी लिहीत राहिल्या. वडील गेल्यावर म्हणाल्या, "विहारात पण तेच सांगतात. मीच सांगितलं होतं त्यांना तसं, पहिल्या वर्षी. तेव्हा मलापण खरंच वाटत होतं की सुट्टी आहे."

या पाच वर्षांत चार ठिकाणी मुलाखती झाल्या. एका ठिकाणी विचारलं, "इतकी वर्षं घरीच होतात?" मॅडम म्हणाल्या, "घरी नव्हते, शिकवत होते. तुमच्याकडे सहा जण माझे विद्यार्थी आहेत." समोरचे गोड हसले आणि पुन्हा फोन केला नाही. दुसऱ्या ठिकाणी एका गृहस्थाने फॉर्मवरचं आडनाव वाचलं, शिष्यवृत्तीची ओळ वाचली आणि "अच्छा, असं आहे तर," म्हणून कागद बाजूला ठेवला. मॅडमनी हे मला चहा पिता पिता सांगितलं, पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं. माझंच डोकं फिरलं. मी त्या माणसाला चार अस्सल मालवणी शिव्या दिल्या. मॅडम म्हणाल्या, "त्याला ऐकू गेल्या नाहीत, काका. चला, दीड वाजला."

आणि मग ते पत्र आलं.

एका नव्या कंपनीला दुसरे पायलट हवे होते. आधीचा अनुभव असला तर मधला खंड चालेल, असं स्पष्ट लिहिलं होतं. वयाची अट होती, आणि मॅडम त्या अटीत जेमतेम बसत होत्या. या वर्षी बसत होत्या, पुढच्या वर्षी नाही. लेखी झालं, मुलाखत झाली, वैद्यकीय तपासणी झाली. उरली एकच पायरी. दिल्लीकडे खोट्या विमानात बसवून घेतलेली परीक्षा. जमिनीवरच, पण आतून सगळं खऱ्यासारखं, हलतं, आवाज करतं. विमान मात्र वेगळं होतं, मोठं, जेट. कंपनीने तयारीसाठी त्याचं चित्र आणि याद्या पाठवल्या. हातात तीन आठवडे.

मॅडमनी स्वतःच्या हाताने जुने कागद भिंतीवरून उतरवले. चिकटपट्टी निघताना भिंतीचा रंगही निघाला. नवीन चित्र लावलं. आमच्याच क्लासमधली ऋचा नावाची एक मुलगी होती, तेवीस वर्षांची, नुकतं लायसन्स मिळालेलं, तिलाही त्याच कंपनीने त्याच परीक्षेला बोलावलं होतं. मॅडमनी तिला सांगितलं, तू पण बस. मग एका खुर्चीत मॅडम, दुसऱ्या खुर्चीत ऋचा, आणि मागे स्टुलावर यादी घेऊन मी. नव्या विमानात आगीचे दांडे डोक्यावर नव्हते. दोन सीटच्या मध्ये, खाली, गुडघ्यापाशी होते.

पहिल्या दिवशी मी सवयीने घंटा घेऊन निघालो तर कोठारे सरांनी अडवलं. शेजारच्या वर्गात सराव परीक्षा चालू होती. "सावंत, आठवडाभर ती टणटण बंद. पोरं पेपर लिहितायत." सरांचं काही चुकलं नव्हतं. मी मॅडमना म्हटलं, "घंटा राहू दे, मी तोंडाने सांगतो." त्या म्हणाल्या, "चालेल." मग मी यादीच्या मध्येच हळू आवाजात म्हणायचो, "आग, उजवं इंजिन." मॅडमचा हात मागे, बंद, आणि खाली गुडघ्यापाशी. एकदाही चुकला नाही. तीन आठवड्यांत एकदाही नाही.

सराव परीक्षा आठवड्यात संपल्या. घंटा टेबलावर होती, मला कोणी अडवत नव्हतं. पण तोंडाने म्हणायची सवय पडली होती, आणि खरं सांगायचं तर उठून ती उचलून आणायचा मला कंटाळा आला. एवढंच. दुसरं कारण नाही.

जायच्या आदल्या दिवशी वडील ऑफिसात पेढे घेऊन आले. मॅडम त्यांच्यावर चिडल्या, "बाबा, अजून काही झालं नाहीये." ते म्हणाले, "सुट्टी संपली ना बाळा? मग झालं की." सगळ्यांना पेढा दिला. शिपायाला दोन दिले.

मॅडम सोमवारी परत आल्या. नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या साडीत. मी उठून उभा राहिलो. त्या सरळ मागच्या खोलीत गेल्या आणि तिथून हाक मारली, "सावंतकाका, घंटा घेऊन या."

मी घंटा घेऊन गेलो. त्या नव्या चित्रासमोर खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर.

"वाजवा."

मी वाजवली. त्यांचा डावा हात उठला आणि सरळ वर गेला, माळ्याच्या फळीपर्यंत. तिथे आता काहीच नव्हतं, फक्त जुन्या चिकटपट्टीचे डाग. हात तसाच वर राहिला.

"बघा," त्या म्हणाल्या.

मी घंटा खाली ठेवली. त्यांनी मग सगळं सांगितलं, खाली न बघता. परीक्षा छान चालली होती. शेजारी बसलेला कॅप्टन दोनदा 'व्हेरी नाइस' म्हणाला. मग घंटा वाजली. आठ वर्षांनी खऱ्यासारखी घंटा, लाल दिवा. डोक्याला माहीत होतं कुठे जायचं. हात वर गेला. वर दुसरीच बटणं. हात तिथे शोधत राहिला. मागे बसलेल्या परीक्षकाने शांतपणे विचारलं, "मॅम, वर काय शोधताय?" त्यानंतर त्यांनी हात खाली आणून योग्य दांडा ओढला. पण तेवढ्या वेळात आग कुठल्या कुठे गेली असती, हे त्या स्वतःच आपल्या विद्यार्थ्यांना शिकवत आल्या होत्या.

"ऋचाचं?" मी विचारलं.

"ऋचा पास झाली. तिला तिथेच हात न्यायला शिकवलं होतं ना आपण. तिच्या हाताला दुसरी जागा माहीतच नव्हती."

मी म्हटलं, "मॅडम, मी घंटा आणली असती तर..."

"मी पण चालेल म्हटलं, काका."

त्या एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पाच वर्षं त्या घंटेवर मी तळवा मारला होता आणि दर तळव्याला त्यांचा हात वर पाठवला होता. तीन आठवडे मी ती उचलली नाही. हे मला कोणी सांगायची गरज नाही आणि समजूत घालायचीही गरज नाही. कधी रात्री बायको म्हणते, "तुमी काय विमान चालवित व्हतास?" तिचं बरोबर आहे. मी विमान चालवत नव्हतो. घंटा वाजवत होतो.

कंपनीचं पत्र आलं. एक वर्षानंतर पुन्हा अर्ज करता येईल, वयाच्या अटीच्या अधीन राहून. दोन्ही वाक्यं एकाच पत्रात, एकाखाली एक. लिहिणाऱ्याने ती वाचली तरी होती का, कोण जाणे.

ऋचा पेढे घेऊन आली. पाया पडली, रडली. मॅडमनी तिला उठवलं आणि म्हणाल्या, "कुठल्या दिवसापासून ट्रेनिंग? म्हण परत." तिने तारीख सांगितली. मॅडमनी ती परत म्हटली आणि "बरोबर" म्हणाल्या. पेढा पूर्ण खाल्ला. कोठारे सर बाहेर येऊन म्हणाले, "मॅडम, एका परीने बरंच झालं. मला तर टेन्शन आलं होतं, तुम्ही गेलात तर नेव्हिगेशन कोण शिकवणार!" ते हे प्रेमाने बोलले. मी सरांकडे चोवीस वर्षं नोकरी केली, पण त्या दिवशी मला त्यांच्या तोंडावर पेढ्यांचा बॉक्स मारावासा वाटला. मारला नाही. आपण असल्या वेळी मारत नाही, घरी येऊन बायकोवर ओरडतो.

दोन महिन्यांनी त्यांचे वडील मला स्टेशनजवळ भेटले. चेहरा उतरलेला, पण मान ताठ. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "सुट्टी वाढवली म्हने कंपनीनं. आता काय करता. मोठ्या लोकांचं असंच असतं."

मॅडमनी आणखी एक सत्र शिकवलं आणि राजीनामा दिला. एका बँकेच्या ट्रेनिंग विभागात लागल्या, नव्या लोकांना फोनवर गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं ते शिकवायला. जाताना मागच्या खोलीत गेल्या. मला वाटलं चित्र काढून नेतील. पण त्यांनी फक्त दोन्ही प्लास्टिकच्या खुर्च्या उचलून वर्गात नेऊन ठेवल्या. चित्र अजून तिथेच आहे, त्याच्यासमोर आता प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे आलेत.

त्यानंतर एकदाच भेट झाली. मरोळ नाक्याला मी मेट्रोत चढलो, घरी जायला. मॅडम दाराशी उभ्या होत्या, गळ्यात बँकेचं ओळखपत्र. मला पाहून मनापासून हसल्या. मुलगी पाचवीत गेली म्हणाल्या. बाबांचे गुडघे दुखतात. ऋचाचं काय, मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं, कोचीनच्या रूटवर आहे म्हणून. मी म्हटलं, "मॅडम, या ना एकदा ऑफिसला चहाला. बुधवारी या, सर नसतात."

"येते ना," त्या म्हणाल्या. बुधवार त्यांनी परत म्हटला नाही.

गाडी वळणावर हलली आणि त्यांनी हात वर करून डोक्यावरची कडी धरली. तोच डावा हात. बाही खाली सरकली आणि माझ्या अगदी डोळ्यांसमोर त्यांचं घड्याळ आलं. सहा वाजून दहा मिनिटं. मी सवयीने साडेपाच तास मिळवले. रात्रीचे अकरा चाळीस. मला कळेना, इतका उशीर कसा झाला. खिडकीबाहेर तर लख्ख उजेड होता. मी पुन्हा घड्याळ पाहिलं, मग मोबाइल काढून पाहिला.

सहा दहाच वाजले होते.